लागले की लावले?
एका साध्या क्रियापदाचा पसारा आणि त्यामागे दडलेला हात

पणजीहून बेळगावकडे निघाले आणि मोले मागे पडले, की अनमोडचा घाट लागतो. वळणे सुरू झाल्यावर ज्याला बस लागते तो खिडकीत तोंड घालून बसतो आणि ज्याला लागत नाही त्याचा डोळा लागतो. वर पोचल्यावर कर्नाटकातील जोयडा तालुका लागतो. तेथे रानातून जाताना फोन कधी लागत नाही, भूक मात्र हमखास लागते.

या चार वाक्यांत ‘लागणे’ हे एकच क्रियापद सात वेळा आले आणि त्याचे किमान पाच अर्थ झाले. रस्त्यात पुढे येणे, प्रवासात मळमळणे, झोप येणे, संपर्क जुळणे आणि पोटात आग पडणे. तरीही मराठी वाचक कोठे अडखळला नसेल. लहानपणापासून कानावर पडलेली भाषा असे अर्थ आपोआप वेगळे करते. पण हीच वाक्ये परभाषिकाला समजावून सांगायची झाली, किंवा इंग्रजीतून आलेली बातमी मराठीत आणायची झाली, की या लहानशा शब्दाचा पसारा ध्यानात येतो. शिवाय या शब्दाच्या अंगी एक गुण असा आहे, की ज्याच्याशी व्याकरणाइतकाच न्यायाचाही संबंध आहे. तो समजून घेण्यासाठी आधी थोडे इंग्रजीकडे आणि मग आपल्या सीमेला लागून असलेल्या जोयड्याकडे पाहावे लागेल.

इंग्रजीची शेपटी, मराठीची विभक्ती

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना मोठमोठे शब्द फारसे छळत नाहीत. छळतात ती ‘टेक’, ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’ अशी बोटभर क्रियापदे. ‘टेक’ म्हणजे घेणे, हे पहिल्याच वर्षी कळते. पण त्यापुढे ‘ऑफ’ लावले की विमान उडते, ‘आफ्टर’ लावले की मूल बापाच्या वळणावर जाते, ‘ओव्हर’ लावले की एक कंपनी दुसरीचा ताबा घेते. क्रियापद तेच राहते आणि त्यामागची शेपटी बदलली की अर्थ बदलतो. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली, तेव्हा तिच्यातील सर्वांत लांब नोंद कोणत्याही पंडिती शब्दाची नव्हती. ती ‘सेट’ या चिमुकल्या शब्दाची होती. भाषेत जे भांडे रोज वापरात असते, त्यालाच सर्वाधिक पोचे पडतात.

मराठीतही असेच घडते, पण निराळ्या मार्गाने. आपल्याकडे क्रियापदाच्या मागे शेपटी लावण्याची पद्धत नाही. आपण क्रियापदाच्या पुढे नाम ठेवतो आणि त्या नामाची विभक्ती किंवा वचन बदलून अर्थ फिरवतो. हात हा शब्द घेऊ. ‘हात लागला’ म्हणजे स्पर्श झाला. ‘हाती लागला’ म्हणजे सापडला. ‘हाताला लागले’ म्हणजे इजा झाली. नाम तेच, क्रियापद तेच. प्रत्यय बदलला आणि चोर पकडला गेला किंवा बोट कापले.

डोळ्याचे उदाहरण याहून सुंदर आहे. ‘डोळा लागला’ म्हणजे डुलकी आली, आणि ‘डोळे लागले’ म्हणजे कोणाची तरी वाट पाहत जागे राहिलो. एकवचन झोपवते, अनेकवचन जागवते. तसेच ‘वाटेला लागला’ म्हणजे निघाला आणि ‘वाट लागली’ म्हणजे सत्यानाश झाला. ‘नाद लागला’ म्हणजे एखाद्या गोष्टीची ओढ जडली, पण ‘नादी लागला’ म्हटले की त्या ओढीमागे कोणी तरी माणूस उभा आहे असे वाटते. मोल्सवर्थच्या कोशापासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत प्रत्येक कोशकाराला या शब्दाखाली अर्थांची रांग लावावी लागली, त्यात नवल नाही.

मूळ अर्थ एकच : चिकटणे

या सगळ्या फांद्या एकाच खोडाच्या आहेत. संस्कृतातील ‘लग्’ या धातूचा अर्थ चिकटणे, जडणे, जवळ असणे. प्राकृतात त्याचे ‘लग्ग’ झाले आणि मराठीत ‘लाग’. ‘लग्न’ हा शब्दही त्याच घरातला. पंचांगातील लग्न म्हणजे क्षितिजाला टेकलेली रास आणि मांडवातील लग्न म्हणजे दोघांचे जडणे. ‘लगत’, ‘लागलीच’, ‘लागोपाठ’, ‘लागेबांधे’, ‘लागण’, ‘लागवड’ हे सारे त्याच कुळातले. वेलाला फळ लागते तसा मुळाला कंद लागतो. जोयड्याचे कुणबी शेतकरी जे सुरण, माडी, कणगां पिकवतात, त्यांच्या लागवडीतही हेच क्रियापद आहे.

जुन्या मराठीत ‘लागी’ हा प्रत्ययासारखा वापरला जाई; ‘तुजलागी’ म्हणजे तुला किंवा तुझ्यासाठी. आजच्या प्रमाण मराठीतून तो जवळजवळ गेला. गोमंतकीय वाचकाला मात्र तो परका वाटणार नाही, कारण कोंकणीत तो अजून रोजच्या वापरात आहे. ‘घरा लागीं’ म्हणजे घराजवळ आणि ‘ताका लागून’ म्हणजे त्याच्यामुळे. जवळ असणे आणि कारण असणे या दोन गोष्टी कोंकणीने एकाच शब्दमूळावर उभ्या केल्या आहेत.

या मूळ अर्थातूनच मराठीची एक खास वाक्यरचना निघते. इंग्रजी माणूस ‘मी भुकेला आहे’ अशा धाटणीने बोलतो. तेथे ‘मी’ कर्ता असतो. आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो. येथे भूक कर्ता आहे आणि मी ती येऊन चिकटण्याची जागा. तहान, ठेच, उचकी, थंडी यांचेही तसेच. माणूस त्या करत नाही. त्या माणसाला लागतात. आपल्या हातात नसलेल्या गोष्टी सांगण्यासाठी मराठीने हे क्रियापद राखून ठेवले आहे.

जोयड्यात तीन भाषांची एक खूणगाठ

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा गोव्याचा सख्खा शेजारी. कॅसलरॉकहून सुटलेली आगगाडी घाट उतरून कुळ्याला येते, ती या तालुक्यातून. काळी नदी उगम पावते ती याच तालुक्यात, डिग्गीच्या रानात, आणि कारवारजवळ समुद्राला मिळते. येथे घरात कोंकणी किंवा मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी असे अनेक मुलांचे जीवन असते. एका भाषेतून दुसरीत जाताना त्यांना जे क्रियापद हमखास भेटते, त्यांत ‘लागणे’ आहे.

धारवाडकडील बोली कन्नडमध्ये ‘हत्तु’ असे एक क्रियापद आहे. त्याचाही मूळ अर्थ चिकटणे, जडणे. आता हा मेळ पाहा. मराठीत आग लागते, कन्नडमध्ये ‘बेंकी हत्तुत्तदे’. मराठीत झोप लागते, कन्नडमध्ये ‘निद्दे हत्तुत्तदे’. आपण कोणाच्या पाठी लागतो; कन्नड माणूस ‘बेन्नु हत्तुत्ताने’, आणि बेन्नु म्हणजे पाठच. ‘तो करू लागला’ याला ‘माडलिक्के हत्तिद’. कोंकणीत ‘लागीं’ म्हणजे जवळ, तर कन्नडमध्ये जवळ म्हणजे ‘हत्तिर’, तोही त्याच हत्तुच्या कुळातला. शब्द वेगळे, कुळेही वेगळी, एक आर्यभाषा आणि दुसरी द्राविडी. पण विचाराची घडी मात्र तीच.

असे का व्हावे, याचा विचार भाषाशास्त्रज्ञांनी केला आहे. शतकानुशतके एकत्र नांदणाऱ्या भाषा आपापले शब्द राखतात, पण वाक्याचा सांगाडा हळूहळू एकसारखा करतात. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये संपूर्ण भारताकडेच असे एक भाषिक क्षेत्र म्हणून पाहावे असे मांडले. पुढे १९७१ मध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील रोजच्या बोलण्यातील वाक्ये शब्दास शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत नेता येतात, इतकी त्यांची रचना जवळ आली आहे, असे त्यांना दिसले. सीमाभागातील भाषा म्हणजे भेसळ, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ती भेसळ नसून शेजारधर्म आहे.

अर्थात मेळ असला तरी खाचखळगे आहेतच. ‘हत्तु’चा आणखी एक अर्थ चढणे. त्यामुळे कन्नडमध्ये ‘बस्सु हत्तिद’ म्हणजे तो बसमध्ये चढला. मराठीत मात्र ‘बस लागली’ म्हटले, तर एक तर ती फलाटाला येऊन उभी राहिली, नाही तर प्रवाशाला मळमळू लागले. बस स्थानकावर कन्नडभाषक आणि मराठीभाषक यांची गल्लत व्हायला एवढे पुरेसे आहे.

सक्ती कशावर उभी राहते?

आता या क्रियापदाच्या सर्वांत गंभीर अर्थाकडे वळू. ‘करू लागला’ यात ते आरंभ दाखवते, तर ‘करावे लागले’ यात ते सक्ती दाखवते. एकाच शब्दाने सुरुवातही सांगावी आणि नाइलाजही, ही मराठीची गंमत.

नाइलाज प्रत्येक भाषेत असतो, पण प्रत्येक भाषा तो वेगळ्या खांबावर उभा करते. मराठी म्हणते ‘जावे लागले’. जाणे अंगाला येऊन चिकटले. कोंकणी म्हणते ‘वचचें पडलें’; जाणे अंगावर येऊन पडले. हिंदीतही ‘जाना पड़ा’, म्हणजे पडणेच. कन्नड म्हणते ‘होगबेकायितु’; त्यातील ‘बेकु’ म्हणजे हवे, तेव्हा जाणे गरजेचे झाले. इंग्रजी ‘हॅड टू’ म्हणते. जाणे पदरी होते. चिकटणे, पडणे, गरज भासणे, पदरी असणे अशी चार चित्रे आहेत. पण चारही चित्रांत एक माणूस नाही. ज्याने जायला भाग पाडले, तो.

जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले आणि ज्या गावाने तालुक्याला नाव दिले होते, ते सुपा गाव आसपासच्या वस्त्यांसह जलाशयाखाली गेले. विस्थापितांपैकी अनेकांची वसाहत रामनगरला झाली. बेळगावला जाताना ज्या रामनगरला आपण चहासाठी थांबतो, ते असे वसले आहे. या घटनेविषयी मराठीत सहज लिहिले जाणारे वाक्य असे असते : ‘धरणामुळे लोकांना गाव सोडावे लागले.’ वाक्य शुद्ध आहे, खरेही आहे. पण ते वाचताना वाटते, की पाऊस लागावा, ग्रहण लागावे, तसे विस्थापनही लागले. ‘धरणामुळे’ या शब्दात धरण दिसते. धरण कोणी ठरवले, भरपाई कोणी ठरवली, घरे रिकामी कोणी करवली, हे काही दिसत नाही.

ज्यांनी ते सोसले, त्यांच्या तोंडी हे वाक्य योग्यच आहे. सोसणाऱ्याला त्याचा नाइलाज सांगण्याचा अधिकार आहे आणि त्यासाठी मराठीने त्याला हे क्रियापद दिले आहे. पण तेच वाक्य बातमीत किंवा शासकीय अहवालात आले, की नाइलाज सोसणाऱ्याकडून लादणाऱ्याकडे सरकतो. जणू त्याचाही काही इलाज नव्हता.

एका अक्षराचा फरक

यावर उतारा मराठीनेच तयार ठेवला आहे. ‘लागणे’चे जोडीदार क्रियापद आहे ‘लावणे’. ग चा व झाला, की वाक्यात हात दिसू लागतो. दिवा लागला, दिवा लावला. कुलूप लागले, कुलूप लावले. निकाल लागला, निकाल लावला. लग्न लागले, लग्न लावले. जीव लागला, जीव लावला. आणि ‘गाव सोडावे लागले’ याची जोडी ‘गाव सोडायला लावले’. दुसरे वाक्य म्हणताच ‘कोणी?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

एक साधी परीक्षा करून पाहता येते. जेथे ‘लागणे’ चालते पण ‘लावणे’ चालत नाही, तेथे खरोखरच माणसाचा हात नसतो. भूक लागते, कोणी कोणाला भूक लावत नाही. ठेच लागते; ठेच लावता येत नाही. जेथे दोन्ही चालतात, तेथे लिहिणाऱ्याला निवड करावी लागते आणि निवड आली की जबाबदारीही आली. आपली भाषा तर पावसालाही सूट देत नाही. आठ दिवस उघडीप नसेल, तर ‘पावसाने झड लावली’ असे म्हणून ती आभाळाच्या नावाने बोट दाखवते.

गोव्यातील वाचकांना याचे ताजे उदाहरण आठवत असेल. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह राज्याच्या अनेक भागांत रानात वणवे पेटले. तेव्हा चव्हाट्यापासून विधानसभेपर्यंत जो प्रश्न विचारला गेला, तो या एका अक्षराचाच होता : आगी लागल्या की लावल्या? इंग्रजीत या दोन गोष्टींसाठी अगदी वेगळी क्रियापदे लागतात. आपोआप पेटले तर ‘कॅच’, कोणी पेटवले तर ‘सेट’. मराठीत मात्र एक व्यंजन बदलले की अपघाताचा गुन्हा होतो.

म्हणूनच उलट बाजूही सांगितली पाहिजे. कारण कळले नसताना ‘लावली’ लिहिणे हा आरोप आहे. तो पुराव्याशिवाय करता येत नाही. अशा वेळी ‘आग लागली’ हेच प्रामाणिक वाक्य. ‘लागणे’ हा भित्रेपणा नव्हे आणि ‘लावणे’ हे शौर्य नव्हे. जे ठाऊक आहे तेवढेच सांगणारे क्रियापद निवडणे, एवढेच खरे.

या दोहोंच्या मध्ये कचेरीच्या मराठीने तिसरी पायरी बांधली आहे : ‘लावण्यात आले’. गेटला कुलूप लावण्यात आले. निर्बंध लावण्यात आले. येथे हात असल्याचे मान्य केले जाते, पण हाताचा धनी सांगितला जात नाही. तेव्हा बातमी वाचताना तीन पायऱ्या ओळखाव्यात. ‘लागले’ म्हणजे हात नाही किंवा ठाऊक नाही. ‘लावण्यात आले’ म्हणजे हात आहे, नाव नाही. ‘अमुक खात्याने लावले’ म्हणजे हातही आहे आणि नावही. कर्ता ठाऊक असताना लेखक मधल्या पायरीवर थांबला, तर वाचकाने पुढच्या पायरीची मागणी करावी.

‘लागू’ या शब्दालाही हाच कस लावता येतो. गोव्यातील कुणबी समाजाला २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा लागू झाला. सीमेपलीकडे जोयड्यात राहणारे कुणबी भाषेने आणि चालीरीतींनी त्यांना जवळचे, पण त्यांची तीच मागणी दीर्घकाळ प्रलंबित आहे. ‘दर्जा अद्याप लागू झालेला नाही’ असे लिहिले, तर तो जणू पिकासारखा एक दिवस लागेल असे वाटते. दर्जा लागत नसतो. तो संसदेला कायदा करून लागू करावा लागतो.

भाषांतराच्या घाईत

दुसरा धोका इंग्रजीतून येतो. बातम्यांचा मोठा भाग आज इंग्रजीतून मराठीत येतो आणि आता यंत्रेही भाषांतर करतात. इंग्रजीत वेळ ‘टेक’ होतो, म्हणून मराठीत ‘या पुलाने चार वर्षे घेतली’ असे वाक्य उमटते. पुलाने काही घेतलेले नसते. पुलाला चार वर्षे लागलेली असतात. ‘अंघोळ घेतली’, ‘कारने आग पकडली’ ही त्याच घाईची अपत्ये. ‘अंघोळ केली’ आणि ‘कारने पेट घेतला’ ही वाक्ये आपल्याकडे आधीपासून आहेत. ‘घेणे’ या क्रियापदाशी वैर नाही. मनावर घेणे, आढेवेढे घेणे, हाय घेणे हे अस्सल मराठी वाक्प्रचार त्यावरच उभे आहेत. तक्रार एवढीच, की प्रत्येक ‘टेक’ला ‘घेणे’ ठोकत गेलो, तर ‘लागणे’ची जागा आक्रसत जाईल आणि ‘लागणे’ गेले की ‘लागणे-लावणे’ ही कसोटीही जाईल.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना त्या भाषेची छोटी क्रियापदे त्यांच्या शेपट्यांसह पाठ करावी लागतात. जोयड्यातील मुलांच्या तोंडी ‘लागणे’, ‘लागप’ आणि ‘हत्तु’ ही तीन क्रियापदे घरातून, अंगणातून आणि शाळेतून आयतीच आलेली आहेत. शिक्षकांनी ती एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवली, तर व्याकरणाचा एक अख्खा धडा मुलांना आपल्याच बोलण्यात सापडेल. आणि वाचकांनी उद्याच्या बातमीत ‘करावे लागले’ असे कोठेही वाचले, तर क्षणभर थांबून एवढेच पाहावे, की तेथे ग च्या जागी व बसतो का. बसत असेल, तर बातमी अजून पूर्ण झालेली नाही.